विश्लेषण : डिझेल की हायब्रिड? रुडॉल्फ डिझेल यांचे आयुष्य काय सांगते?

नवी गाडी घ्यायची ठरली की घरात इंधनावरून चर्चा सुरू होते. कुणाला डिझेल दणकट वाटते, कुणाला हायब्रिडचे मायलेज खुणावते. शोरूममध्ये दोन्हींचे लिटरमागचे किलोमीटर सांगितले जातात आणि निर्णय आणखी अवघड होतो. कारण तो आकडा चाचणीतला असतो आणि गाडी चालवायची असते ती सिग्नल, खड्डे आणि घाटरस्त्यांवर. चाचणीतला आकडा आणि रोजचा वापर यांतली ही दरी नवी नाही. ज्यांच्या नावाने आपण हे इंधन ओळखतो, त्या रुडॉल्फ डिझेल यांचे सारे आयुष्य या दरीशी झगडण्यात गेले. त्यांची कहाणी समजून घेतली, तर डिझेल कुणी घ्यावे आणि हायब्रिड कुणी, हेही बरेचसे स्पष्ट होते.

रुडॉल्फ डिझेल कोण होते?

रुडॉल्फ यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन. वडील थिओडोर मूळचे ऑग्सबर्गचे. पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तू बनवणे हा त्यांचा व्यवसाय. घरची परिस्थिती बेताचीच होती.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधील जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथेही हाल होऊ लागल्याने आईने बारा वर्षांच्या रुडॉल्फना ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवले. तिथे त्यांचा सांभाळ करणारे क्रिस्टोफ बार्निकेल हे गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या घरी राहून रुडॉल्फ यांनी तांत्रिक शाळेत शिक्षण घेतले आणि अभियंताच व्हायचे, हे लहान वयातच ठरवले.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाले. तिथे कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक त्यांना भेटले. शीतकरण तंत्रज्ञानाचे जनक म्हणून लिंडे यांचे नाव घेतले जाते. १८७९ मध्ये विषमज्वरामुळे रुडॉल्फ यांची परीक्षा हुकली. १८८० च्या जानेवारीत त्यांनी ती दिली आणि अत्युत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले.

वाफेच्या इंजिनात त्यांना काय खटकले?

लिंडे यांच्या वर्गात उष्णतेचे शास्त्र शिकताना एक गोष्ट रुडॉल्फ यांच्या मनात रुतून बसली. त्या काळी सारे उद्योगजग वाफेच्या इंजिनावर चालत होते. पण कोळसा जाळून मिळणाऱ्या उष्णतेपैकी साधारण दहावा हिस्साच प्रत्यक्ष कामाला येई. उरलेली उष्णता धूर, वाफ आणि तापलेल्या लोखंडातून वाया जात असे.

फ्रेंच शास्त्रज्ञ सादी कार्नो यांनी १८२४ मध्येच उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम मिळू शकते, याची सैद्धांतिक मर्यादा मांडली होती. ती मर्यादा आणि प्रत्यक्षातली इंजिने यांच्यात प्रचंड अंतर होते. ते कमी करायचे, हे रुडॉल्फ यांचे आयुष्याचे ध्येय झाले.

यामागे सामाजिक विचारही होता. वाफेचे इंजिन मोठे आणि महाग. ते फक्त मोठ्या कारखानदाराला परवडे. लहान, काटकसरी इंजिन मिळाले तर सुतार, लोहार, विणकर असे छोटे कारागीरही मोठ्या कारखान्यांपुढे टिकाव धरतील, असे त्यांना वाटत होते.

पोटापाण्यासाठी मात्र त्यांनी लिंडे यांच्या व्यवसायात नोकरी धरली. १८८० मध्ये ते पॅरिसला गेले, बर्फ आणि शीतकरण यंत्रांचे काम पाहू लागले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुले झाली. १८९० मध्ये कुटुंब बर्लिनला आले. नोकरी सुरू होती आणि उरलेल्या वेळात इंजिनाची आकडेमोडही.

ठिणगीशिवाय इंधन पेटते कसे?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. हे मिश्रण फार दाबले तर ते ठिणगीआधी आपोआप पेटते, इंजिन ठोके देऊ लागते. त्यामुळे किती दाबायचे, याला मर्यादा येते.

रुडॉल्फ यांनी वेगळा विचार केला. सिलिंडरमध्ये फक्त हवाच घ्यायची आणि ती खूप दाबायची. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. तोच हा नियम. पंधरा ते वीस पट दाबलेली हवा इतकी तापते, की त्यात इंधनाचा फवारा सोडताच ते पेट घेते. ठिणगी लागतच नाही.

हवा जितकी अधिक दाबावी, तितके तिच्या प्रसरणातून जास्त काम मिळते. डिझेल इंजिनाच्या काटकसरीचे मुख्य कारण हे आहे. दुसरे कारण असे, की पेट्रोल इंजिनात वेग कमी करताना हवेची वाट अडवावी लागते आणि त्यात शक्ती वाया जाते. डिझेल इंजिनात केवळ इंधन कमी-जास्त केले तरी भागते.

फेब्रुवारी १८९२ मध्ये रुडॉल्फ यांनी जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला. १८९३ मध्ये पेटंट मिळाले. त्याच वर्षी या कल्पनेवर त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. ऑग्सबर्गचा यंत्र कारखाना आणि पोलाद उद्योगातील क्रुप कंपनी यांनी पैसा आणि यंत्रशाळा देऊ केली.

कल्पना ते इंजिन, किती वर्षे लागली?

पहिली चाचणी १० ऑगस्ट १८९३ रोजी झाली. इंधन पेटले, पण दाब इतका वाढला की मोजणीचे उपकरणच फुटले. इंजिन स्वतःच्या बळावर चालले नाही. तरीही ठिणगीशिवाय इंधन पेटते, हे सिद्ध झाले होते.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी सुधारित इंजिन पहिल्यांदा स्वतःहून फिरले, तेही जेमतेम मिनिटभर. त्यानंतरची तीन वर्षे अडचणी सोडवण्यात गेली. इंधन बारीक तुषारांत कसे फवारायचे, हा सर्वांत मोठा प्रश्न होता. आज हे काम उच्च दाबाचा पंप आणि इंजेक्टर करतो. तेव्हा त्यासाठी दाबलेल्या हवेचा झोत वापरावा लागे आणि त्या झोतासाठी वेगळा कॉम्प्रेसर.

रुडॉल्फ यांना मूळ कल्पनेलाही बरीच मुरड घालावी लागली. पुस्तकात त्यांनी मांडलेला दाब आणि ज्वलनाची पद्धत प्रत्यक्षात आणणे शक्य नव्हते. त्यांनी व्यवहार्य मार्ग स्वीकारला. पुढे टीकाकारांनी नेमके यावरच बोट ठेवले. पुस्तकातले इंजिन वेगळे आणि बनवलेले वेगळे, मग शोध कसला, असा त्यांचा आक्षेप होता.

अखेर १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. एक सिलिंडर, सुमारे २० अश्वशक्ती. कार्यक्षमता भरली २६.२ टक्के. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. युरोपभर खळबळ उडाली. हे ऐतिहासिक इंजिन आज म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये पाहायला मिळते.

चाचणीत अव्वल, कारखान्यात नापास?

चाचणीच्या निकालानंतर परवाने घेण्यासाठी उद्योजकांची रांग लागली. अमेरिकेतील हक्क मद्यउद्योजक अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्कांना घेतले. रशियातील हक्क नोबेल कुटुंबातील इमॅन्युएल नोबेल यांनी घेतले. चाळिशीच्या उंबरठ्यावर रुडॉल्फ कोट्यधीश झाले. म्युनिकमध्ये त्यांनी आलिशान घर बांधायला घेतले.

पण यंत्रशाळेत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालणारे इंजिन आणि ग्राहकाच्या कारखान्यात रोज दहा-बारा तास चालणारे इंजिन यांत फरक असतो. १८९८ मध्ये केम्प्टन येथील काडेपेटीच्या कारखान्यात ६० अश्वशक्तीचे इंजिन बसवले गेले आणि ते वारंवार त्रास देऊ लागले. इतर ठिकाणांहूनही तक्रारी आल्या. ऑग्सबर्गमध्ये खास डिझेल इंजिनांसाठी काढलेला कारखाना फार काळ टिकला नाही.

इकडे पेटंटवरून वाद सुरू झाले. कामाचा ताण, प्रवास आणि टीका यांनी रुडॉल्फ यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना आरोग्यधामात राहावे लागले. मिळालेला पैसा त्यांनी तेलाचे उद्योग आणि जमिनींच्या व्यवहारांत गुंतवला आणि त्यातला बराचसा गमावला. १९०३ मध्ये कामगार आणि समाजाच्या आर्थिक पुनर्रचनेवर त्यांनी पुस्तक लिहिले. त्याकडेही फारसे कुणी लक्ष दिले नाही.

इंजिनाचे दोष हळूहळू दूर झाले, मात्र ते काम मुख्यतः परवाना घेतलेल्या कारखान्यांतील अभियंत्यांनी केले. इंजिन स्थिरावत गेले आणि त्याचा जनक मात्र अस्थिर होत गेला.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात काय घडले?

१९०० मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. तिथे डिझेल इंजिनाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. एका लहान डिझेल इंजिनाला तर तिथे भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. वनस्पती तेलावरही इंजिन चालू शकते, ही गोष्ट रुडॉल्फ यांना पुढेही महत्त्वाची वाटत राहिली. आजच्या बायोडिझेलच्या चर्चेत या प्रसंगाचा उल्लेख आवर्जून होतो.

त्याच प्रदर्शनात व्हिएन्नाच्या लोनर कंपनीची विजेवर चालणारी मोटार मांडलेली होती. तिची रचना फर्डिनांड पोर्शे या पंचविशीतल्या तरुणाने केली होती. विजेच्या मोटारी चाकांच्या तुंब्यातच बसवलेल्या होत्या. पण बॅटरी जड आणि पल्ला कमी, ही अडचण तेव्हाही होती. त्यावर उपाय म्हणून पोर्शे यांनी त्याच सुमारास गाडीत पेट्रोल इंजिन आणि जनित्र बसवले. इंजिन वीज तयार करी आणि वीज चाके फिरवी. ही जगातल्या सुरुवातीच्या हायब्रिड मोटारींपैकी एक मानली जाते.

म्हणजे डिझेल आणि हायब्रिड या दोन्ही वाटा सव्वाशे वर्षांपूर्वी जवळपास एकाच वेळी सुरू झाल्या. एकीने इंजिनच अधिक काटकसरी करायचे ठरवले. दुसरीने इंजिनाला विजेचा जोडीदार दिला.

डिझेल आणि वीज एकत्र कुठे आले?

१९०३ मध्ये नोबेल कुटुंबाच्या रशियन तेल कंपनीने वंडाल नावाचे तेलवाहू जहाज पाण्यात उतरवले. त्यात प्रत्येकी १२० अश्वशक्तीची तीन डिझेल इंजिने होती. त्या काळच्या डिझेल इंजिनाला वेग झटपट बदलणे किंवा उलटे फिरणे जमत नसे. म्हणून इंजिनांनी फक्त वीज तयार करायची आणि विजेच्या मोटारींनी जहाजाचे पंखे फिरवायचे, अशी व्यवस्था केली गेली. आपल्या रेल्वेची डिझेल इंजिनेही मुख्यतः याच पद्धतीने चालत आली आहेत.

वंडालमध्ये ऊर्जा साठवून चाकांना देणारी बॅटरी नव्हती, त्यामुळे आजच्या अर्थाने त्याला हायब्रिड म्हणता येणार नाही. पण एक महत्त्वाचे तत्त्व त्यातून दिसले. इंजिन एका ठरावीक गतीने, ठरावीक भाराखाली चालते तेव्हा ते सर्वांत काटकसरी असते. थांबणे, निघणे, वेग बदलणे ही कामे विजेवर सोपवली तर दोघांचाही फायदा होतो. हायब्रिड मोटारीचे मर्म हेच आहे.

अखेरचा प्रवास कसा झाला?

१९१२ मध्ये डेन्मार्कमध्ये बांधलेले सेलांडिया हे डिझेल इंजिनाचे जहाज कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर निघाले. महासागरी प्रवासासाठीही डिझेल योग्य आहे, हे त्यातून जगाला पटले. रुडॉल्फ यांची कीर्ती शिखरावर होती. त्यांची तिजोरी मात्र रिकामी होत चालली होती आणि कर्ज वाढत होते. शोधाचे श्रेय त्यांचे नाही, असे सांगणारी टीकाही पुन्हा जोर धरू लागली होती.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी ते बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन या वाफेच्या बोटीने इंग्लंडला निघाले. लंडनमध्ये कंपनीची बैठक होती. रात्री सहप्रवाशांसोबत जेवण करून ते दहाच्या सुमारास आपल्या खोलीत गेले. सकाळी लवकर उठवण्यास त्यांनी सांगून ठेवले होते. सकाळी खोली रिकामी होती. अंथरुणावर कुणी झोपल्याची खूण नव्हती. त्यांची टोपी आणि ओव्हरकोट डेकवर कठड्याजवळ सापडला.

काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू काढून घेऊन मृतदेह पुन्हा समुद्राच्या स्वाधीन करण्यात आला. त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे मुलगा ऑयगेन याने ओळखले. रुडॉल्फ यांचे वय तेव्हा ५५ होते. त्यांनी आपले जीवन संपवले, अपघात झाला की घातपात, याबाबत तर्क आजही केले जातात. घातपाताचा पुरावा कधी पुढे आला नाही. आर्थिक दिवाळखोरी मात्र खरी होती.

आपल्या नावाचे इंजिन मोटारीत बसलेले रुडॉल्फ यांनी पाहिलेच नाही, असे म्हणता येईल. त्यांनी वाहनासाठी लहान इंजिनाचे प्रयोग केले होते, पण जड कॉम्प्रेसरमुळे ते यशस्वी झाले नाहीत.

डिझेल मोटारीत कधी आले?

१९२० च्या दशकात हवेच्या झोताची गरज संपली. इंधन थेट पंपाने फवारता येऊ लागले. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने इंजेक्शन पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. आधी ट्रक आले. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझची २६० डी ही डिझेल मोटार बर्लिनच्या प्रदर्शनात झळकली. शंभर किलोमीटरला तिला सुमारे नऊ लिटर इंधन लागे. तशाच पेट्रोल गाडीला तेरा लिटरच्या आसपास लागे. साहजिकच ती टॅक्सीचालकांची लाडकी ठरली.

महाराष्ट्रात मात्र डिझेलची ओळख आधी शेतात झाली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. विहिरीवर धडधडणारे ऑइल इंजिन हा ग्रामीण महाराष्ट्राच्या आठवणींचा भाग आहे. लहान माणसाच्या हाती स्वस्त शक्ती द्यायची, हे रुडॉल्फ यांचे स्वप्न तिथे काही अंशी तरी खरे झाले.

भारतात मोटारींमध्ये डिझेलचा सुवर्णकाळ २०१२-१३ च्या आसपास होता. तेव्हा डिझेलचे दर सरकारी नियंत्रणाखाली होते आणि पेट्रोलच्या तुलनेत ते खूपच स्वस्त होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रण उठले आणि दरांतील अंतर घटले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेमुळे डिझेल गाड्या महागल्या. मारुती सुझुकीने तर डिझेल मोटारी बनवणेच बंद केले.

त्याआधी सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन प्रकरण उघड झाले होते. प्रदूषण चाचणी सुरू आहे हे ओळखणारे सॉफ्टवेअर गाडीत बसवलेले होते. चाचणीत धूर स्वच्छ, रस्त्यावर मात्र नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट. जगभरातील सुमारे १.१ कोटी गाड्यांचा हा प्रश्न होता. चाचणी आणि वापर यांतली दरी इथे मुद्दाम झाकली गेली होती.

शहरात हायब्रिड का वरचढ ठरते?

श्रोटर यांच्या चाचणीला शंभर वर्षे झाली, त्याच १९९७ मध्ये डिसेंबर महिन्यात टोयोटाने जपानमध्ये प्रियस आणली. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली ही पहिली हायब्रिड मोटार. हायब्रिडच्या पुढच्या पिढ्यांत पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास पोहोचली. डिझेलशी तुलना होईल इतकी ही मजल आहे.

खरा फायदा मात्र शहरात दिसतो. सिग्नलला उभे असताना चालू इंजिन इंधन पिते आणि काम शून्य करते. ब्रेक दाबला की गाडीची सगळी गती उष्णता होऊन हवेत विरते. डिझेल इंजिन कितीही काटकसरी असले तरी हे नुकसान त्याला भरून काढता येत नाही.

हायब्रिडमध्ये सिग्नलला इंजिन बंद होते. निघताना विजेची मोटार गाडी पुढे ढकलते. ब्रेक दाबल्यावर तीच मोटार जनित्र बनते आणि बॅटरी भरते. इंजिन चालू होते तेव्हाही त्याला जास्तीत जास्त काटकसरी टप्प्यात चालवले जाते. बाहेरून चार्जिंग करावे लागत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. हे सगळे स्ट्राँग हायब्रिडबद्दल आहे. माइल्ड हायब्रिडमध्ये विजेची मोटार इंजिनाला केवळ हातभार लावते, एकट्याने गाडी चालवत नाही. तिथे बचतही तेवढीच मर्यादित असते. गाडी घेताना हा प्रश्न स्पष्ट विचारावा.

मग डिझेल कुणासाठी?

रुडॉल्फ यांचे इंजिन आजही लांब पल्ल्यात आणि जड ओझ्याखाली खुलते. दर आठवड्याला शेकडो किलोमीटर महामार्गावर जाणारे, सात माणसे आणि सामान घेऊन घाट चढणारे, ट्रेलर ओढणारे यांना डिझेलचा जोर आणि पल्ला उपयोगी पडतो. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेक क्वचितच लागतो, त्यामुळे हायब्रिडचा हुकमी एक्का तिथे फारसा चालत नाही.

उलट रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी बीएस-६ डिझेल अडचणीचे ठरू शकते. या गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी धूर पुरेसा गरम व्हावा लागतो आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, चांगल्या वेगात चालावी लागते. केवळ गल्लीबोळातच फिरणाऱ्या गाडीत फिल्टर चोंदतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरची वारी घडते. काही गाड्यांत युरियाचे द्रावणही वेळोवेळी भरावे लागते.

जुन्या डिझेल गाड्यांवरील निर्बंधांचाही विचार करावा. दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली. पुढे त्यावर न्यायालयीन लढाया झाल्या. अशा अनिश्चिततेचा परिणाम जुन्या गाडीच्या किमतीवर होतो.

खर्चाचे गणित कसे मांडायचे?

समजा पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये आहे. शहरात एक मोठी हायब्रिड गाडी लिटरला २० किलोमीटर आणि तशीच डिझेल गाडी १२ किलोमीटर देते, असे धरू. हायब्रिडचा खर्च किलोमीटरला ५.२० रुपये आणि डिझेलचा ७.५० रुपये. महिन्याला हजार किलोमीटर फिरल्यास वर्षाला सुमारे २७ हजार ६०० रुपयांची बचत.

आता महामार्ग घेऊ. दोन्ही गाड्या लिटरला १७ किलोमीटर देत असतील, तर हायब्रिडला किलोमीटरमागे सुमारे ६.१० रुपये लागतील आणि डिझेलला ५.३० रुपये. इथे तेवढ्याच अंतरावर डिझेल वर्षाला सुमारे १० हजार रुपये वाचवेल.

हायब्रिडसाठी दीड लाख जास्त मोजावे लागत असतील, तर शहरात महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे साडेपाच वर्षांत वसूल होतील. पाचशेच किलोमीटर चालवणाऱ्याला अकरा वर्षे लागतील. त्याच्यासाठी साधी पेट्रोल गाडीही वाईट नाही. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या शहरातले दर, आपले अंतर आणि आपल्याला मिळालेल्या किमती घालून हे गणित प्रत्येकाने स्वतः करावे.

पर्यावरणाच्या बाजूने पाहताना लिटरची तुलना फसवी ठरते. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, एक लिटर पेट्रोलमधून सुमारे २.३ किलो. म्हणजे मायलेज सारखे असले तरी डिझेलचा कार्बन जास्त.

शेवटी कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा?

भारतात गाड्यांच्या प्रमाणित मायलेजसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये चाचण्या होतात. गाडी रोलरवर उभी करून ठरावीक पद्धतीने चालवली जाते. दोन गाड्यांची तुलना समान पातळीवर व्हावी, यासाठी ही पद्धत गरजेची आहे. तिथे कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि रस्त्यावरचा खड्डा, एसी, भरलेली डिकी यांचा त्यात समावेश नसतो. म्हणून चाचणीत लिटरला जवळपास २८ किलोमीटर दाखवणारी हायब्रिड रस्त्यावर तेवढे देईलच असे नाही. डिझेललाही हेच लागू.

यावर सोपा उपाय आहे. आपल्या गाडीचा महिनाभराचा प्रवास लिहून काढावा. किती किलोमीटर शहरात, किती महामार्गावर, एका फेरीचे अंतर किती, गाडीत माणसे किती. शक्य असल्यास आपल्या रोजच्या रस्त्यावरच टेस्ट ड्राइव्ह मागावी. निम्म्याहून अधिक फिरणे शहरात असेल आणि ते पुरेसे असेल, तर हायब्रिड. लांबचा प्रवास आणि ओझे नेहमीचे असेल, तर डिझेल. फिरणेच कमी असेल, तर दोन्हींच्या मोहात न पडलेले बरे.

१८९७ मधला २६.२ टक्क्यांचा आकडा खरा होता. केम्प्टनच्या कारखान्यात बंद पडणारे इंजिनही खरेच होते. या दोहोंमधले अंतर मिटवायला अनेक अभियंत्यांची अनेक वर्षे गेली आणि रुडॉल्फ डिझेल यांना त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली. आज गाडी घेणाऱ्याला ते अंतर आधीच मोजून घेता येते. त्यासाठी शोरूमच्या पत्रकाइतकीच स्वतःच्या महिन्याच्या फेऱ्यांची वही उघडणे गरजेचे आहे.